चेहरेपट्टी

उंची पाच फूट साडेचार इंच. रंग सावळा.
डाव्या भुवईत वण. तळपाय जाड.
जात भंडारी. बापाचा धंदा : माडी काढणे.
सोमाजी वलद बाबाजी रेडकर, राहणार शिरोडा.
लोकल कोरच्या दप्तरात एवढेच आहे.

जाड तळपायाची नोंद साहेबाने का केली असेल?
पळून गेला तर
वाळूत ओळखता यावा म्हणून.

तो पळाला नाही.
बंडाच्या साली घाटाखालच्या रानात
तेवीस रात्री काढल्या, पेजेशिवाय, जळवांसकट.
समोरच्या जाळीत कोणी खोकला दाबत होते.
ते आपल्याच बोलीत खोकत होते, असे तो
म्हातारपणी एकदाच म्हणाला,
आणि ऐकणारे हसले, तेव्हा
पानाचा डबा बंद करून उठून गेला.

नाईक. हवालदार. जमादार. सुभेदार.
गावी येई तेव्हा पितळी बटणे
चिंच लावून घासलेली असत,
बायका देवाची भांडी घासतात तशी.

पेन्शनीत बसला, दोन पावसाळे झाले,
आणि कचेरीतून कागद आला :
इसम इमानी, मुलखाचा माहीतगार,
सबब अबकारीकडे नेमणूक, दरमहा रुपये पंचवीस.
काम सोपे होते. ज्या माडाची माडी काढतात
त्या माडाला आकडा घालायचा.
डांबर सरकारी, कुंचला सरकारी,
डबा धरायला एक पोरगा.

खाडीच्या कडेने तो आकडे घालत आला.
एकशे नव्वद. दोनशे सात. तीनशे.
रेडीच्या वाटेवर लोकांनी मडकी उतरवून
गवतात लपवली; त्याने गवतही पाहिले.
ज्या घरी त्याचे बारसे जेवले होते लोक,
त्या घरच्या परसात तीनशे ऐंशी ते तीनशे शहाण्णव.

मग भावाची वाडी.
लाडगो माडावरच होता, कमरेला कोयता.
खाली न बघता वरूनच बोलला,
"सुभेदारानू, अजून पोय बांधूक नाय.
आकडो कित्याक?"

सुभेदारानू. दादा नाही.

पोरगा सांगायचा, की साहेबाने बूट काढले,
आत मोजे घातले होते ते काढले,
घडी करून बुटात ठेवले.
पट्टा काढून पोराच्या गळ्यात अडकवला.
लाडगो उतरला. हा चढला.
चाळीस वर्षांनी, बापाने पाडलेल्या खाचांतून,
आणि एकही खाच पायाला चुकली नाही.

वर बराच वेळ बसून राहिला.
काय बघत होता कोण जाणे.
वरून मिठागरे दिसतात, खाडीचे तोंड,
आणि माडांचे नुसते शेंडे, हललेले.
आकडे वरून दिसत नाहीत.

उतरला. मोजे घातले, बूट घातले.
पोराकडून कुंचला घेतला, स्वतःच.

माड वाढतो तो शेंड्याकडून.
बुंध्यावर लिहिलेले छातीइतक्या उंचीवर होते,
तिथेच राहिले, भाऊ वाकत गेले तरी.

त्या सालचे अबकारी बुक मी पाहिले आहे.
वाळवीने कडा खाल्ल्यात, मधले शाबूत.
सहाशे एकतीस माड, नाव, वाडी, आकडा,
आणि शेवटी शेऱ्याचा रकाना
पानामागून पान कोरा.
फक्त चारशे बारासमोर, सुवाच्य मोडीत :

पोय बांधलेली आढळली.
स्वतः चढून पाहिले.