रिजेक्ट

एकोणीस वर्षं सातपूरला
मायक्रॉनमध्ये मोजली माणसांची चूक.
लाल शिक्का. परत पाठवा.

पीठ ड्रॉइंग वाचत नाही.
नाशकाच्या गारठ्यात फुगायला तीन तास घेतं,
एप्रिलात मला न विचारताच
परातीबाहेर.

राजीनामा दिला त्या रात्री वसुधा एवढंच म्हणाली,
हप्ता पाच तारखेला जातो.
अजून जातो.
शिल्लक पाव ती मोजते.

काल पळशाहून अंबादास गायधनी आला,
माझ्याच लाइनवरचा.
घरचा रवा, घरचं तूप, पत्र्याचा डबा:
नानकटाई भाजून द्या.

कडेच्या तीन करपल्या.
सवयीनं हात गेला, बाजूला काढू लागलो.
तो म्हणाला, राहू द्या साहेब,
ह्याच पोरं आधी उचलतात.