हजेरी

ग्रिम्सबीच्या शाळेत, बॉयलरच्या खोलीशेजारी,
निळं पिंप आडवं कापून आम्ही टाकी केली.
वर खडीचा वाफा, खाली बारा गोल्डफिश,
मधे पंप, झोपलेल्या मांजरासारखा घुरघुरणारा.

टेगन म्हणाली, आता सॅलड कधी?
म्हटलं, थांब. अजून कोणीतरी यायचंय.
कोण?
जे दिसत नाहीत ते.

मग रोज सकाळी, अंगातले कोट काढायच्याही आधी,
परीक्षानळीत पाच मिली पाणी, मोजून थेंब,
रंगाचा तक्ता खिडकीशी धरून भांडण:
हिरवंच आहे. नाही, जरा पिवळं. तुझे डोळे तपास.
मी फळ्यावर लिहिते, अमोनिया.
ऑस्कर म्हणतो, म्हणजे माशांची शू,
आणि अख्खा वर्ग फिदीफिदी.
ऑस्करचंच बरोबर आहे.

मला मोरीमागचं अळू आठवतं,
खरकट्या पाण्यावर माजलेलं, कमरेएवढं.
पण खरकटं म्हणजे काय, हे इंग्रजीत सांगायला
मला दोन वाक्यं लागतात, आणि तरी ते स्वच्छच वाटतं.

तिसऱ्या सोमवारी एक मासा पोट वर करून.
शनिवारी फरशी घासायच्या यंत्रासाठी
ब्रॉकल्सबींनी पंपाचा प्लग काढला होता.
सोळाव्या वर्षी आइसलंडच्या समुद्रात
टनावारी कॉड ओढलेला हा माणूस
कँटीनचा चमचा घेऊन बाहेर गेला
आणि सायकल-स्टँडमागे खड्डा करू लागला.
मुलं रांगेत. कोणी काही बोललं नाही.
वारा होता, गोदीकडून येतो तसा.

सहाव्या आठवड्यात नळी हिरवी झालीच नाही.
हलवली, परत हलवली. पिवळी.
आले! इफ्फत ओरडली. मिस, ते आले!
हजेरीपटात लिहा त्यांना.
किती आहेत, विचारलं.
तिनं खडीत बोट घातलं, वास घेतला,
आणि माझ्याच पेनानं लिहिलं: सगळे.

आता लेट्यूसला चार-चार पानं आहेत.
ब्रॉकल्सबींनी एक चावून पाहिलं, बराच वेळ.
मीठ हवं होतं, म्हणाले,
आणि जाताना प्लग दोनदा दाबून गेले.

खडीच्या कोपऱ्यात मी एक अळकुडी खोचलीय,
फ्रीमन स्ट्रीटवरच्या दुकानातली.
पटावर तिचं नाव नाही.
ऑस्करला माहीत आहे.