विरजण

सक्करदऱ्यात, झेरॉक्सच्या दुकानावर
दुसऱ्या मजल्यावर माझा क्लास.
कूलरमध्ये पाणी नाही, नुसतीच घरघर,
आणि फळ्यावर दोन शब्द:
लेंड. बॉरो.

वस्तू तुमच्या हातून निघाली तर लेंड,
तुमच्या हातात आली तर बॉरो,
मी सांगतो. बाणही काढतो,
एक जाणारा, एक येणारा.
खडू मोडतो.

कुंदाताई पौनीकर, वय बावन्न,
मेडिकलच्या मेसमध्ये तेवीस वर्षं पोळ्या लाटून
आता मिहानच्या कॅन्टीनमध्ये
सुपरवायझर व्हायला निघालेल्या,
वहीवरून मान वर करतात.
"सर, आपल्यात तं एकच हाय. उसनं.
देल्लं तरी उसनं, घेतलं तरी उसनं.
इंग्रजाले दोन काऊन लागले?"

कोणाचं कोणावर निघतं ते कळावं म्हणून,
मी म्हणतो.
पुस्तकात असं काही नाही.
त्या क्षणी सुचलं, ठोकून दिलं.

"मंग हे सांगा.
बारा वर्सांपयले भांगेबाईनं
माझ्याकडून विरजण नेलं, वाटीभर.
यंदा मे महिन्यात आम्ही रामटेकले लग्नाले गेलो,
चार दिवस. घरचं दही सडलं.
मी वाटी घेऊन तिच्या दारात गेली.
तिनं देल्लं.
आता ते दही कोणाचं?
माझ्याच विरजणाचं विरजण, त्याचं विरजण,
रोज रातच्याला एक, असं बारा वर्सं.
तं मी बॉरो केलं,
का तिनं वापस केलं,
का मीच मले लेंड केलं?"

कोणी हसलं नाही.
मागून मोबाईल दुरुस्तीवाला स्वीकार मेश्राम म्हणाला,
"ताई, हे तं गिव्ह झालं."
त्या म्हणाल्या, "गिव्ह कसं? वाटी माझी होती ना."

मी फळ्याकडे पाहिलं.
दोन बाणांच्या मधे
बोटभरही जागा ठेवली नव्हती मी.
इंटरव्ह्यूत असं विचारत नाहीत, म्हटलं,
आणि डस्टर उचललं.

दुसऱ्या दिवशी टेबलावर
रबर लावलेला स्टीलचा डबा.
एकट्या माणसाच्या घरी
दूध चहापुरतंच येतं,
हे मी कधी बोललो होतो कोण जाणे.
"सर, डबा तेवढा वापस करजा.
डबा लेंड हाय.
दह्याचं मले अजून समजलं नाई."

रात्री जास्तीची पिशवी आणली.
दूध तापवलं, निवू दिलं,
करंगळी बुडवून पाहिली.
अजून गरम होतं.