कुठंतरी काहीतरी वाजतंय

जानेवारी. डुलूथचं बंदर गोठलेलं,
बोटी हिवाळ्यापुरत्या धक्क्याला बांधलेल्या,
आणि आर्विडनं दारात अकरा खोकी उतरवून घेतली.
जुने पाच स्पीकर वीस वर्षं इमानानं बोलले होते;
त्यांना त्यानं गॅरेजात नेऊन ठेवलं
ब्लँकेट पांघरून, म्हाताऱ्या कुत्र्यांसारखं.

आता खाली तळघरात सात, वर छतात दोन,
आणि कोपऱ्यात ते काळं धूड, सबवूफर,
माझ्या शिवणयंत्राच्या जागी.
"पाऊस वरून पडेल, मार्लिस," तो म्हणाला,
"हेलिकॉप्टर पाठीमागून येईल."
मी म्हटलं, येऊ दे.
जेवायला थांबणार असेल तर आधी सांग.

तिपाईवर मायक्रोफोन मांडला, सोफ्याच्या मधोमध,
जिथं आम्ही दोघंही बसत नाही.
श्वाससुद्धा हळू घे, म्हणाला.
मग खोलीभर एक शीळ फिरली
भिंती चाचपत, नव्या घरात आणलेल्या मांजरासारखी.
यंत्रानं हिशेब केला : कोण किती फूट लांब,
कुणाचा आवाज चढा.
चव्वेचाळीस वर्षांत आम्हाला जे जमलं नाही
ते चार मिनिटांत.

पहिल्याच सिनेमात एक जहाज फुटलं
आणि त्या घुमाऱ्याच्या तळाशी
काहीतरी किणकिणलं.
आर्विडनं जहाज तसंच, अर्धं बुडालेलं, थांबवलं.

एकतीस वर्षं खनिजाच्या बोटींवर,
इंजिनाच्या पोटात काढलेली त्यानं.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक लोखंडावर, मूठ कानाशी,
आणि कुठल्या बेअरिंगला काय दुखतंय ते सांगायचा.
तोच स्क्रूड्रायव्हर बाहेर निघाला.
कपाटाची काच. हीटरची जाळी.
माझ्या आईच्या नॉर्वेहून आलेल्या बश्या,
एकेकीखाली नमद्याचा तुकडा.
खिडकीच्या चौकटीला पुट्टी.
रोज सकाळी तो खर्जाचा एकच सूर सोडायचा,
चाळीस हर्ट्झ, अडतीस, छत्तीस,
आणि कानात प्राण आणून घरभर रांगायचा.
गुडघ्यांची तक्रार नाही.
जेवताना शीळ घालायला लागला होता.

नवव्या दिवशी घर गप्प झालं.
सबवूफर कितीही घुमला तरी
हूं नाही की चूं नाही.
आर्विड सोफ्यावर बसला, हात मांड्यांवर,
निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी बसला होता तसाच.
पडद्यावर जहाज अजून अर्धंच बुडालेलं.
"झालं," म्हणाला. "आता काही नाही."
वरच्या रस्त्यावरून बर्फ खरवडणारी गाडी गेली.
त्यानं मान वर केली, आणि खाली घातली.

रात्री तो झोपल्यावर
मी बटणांच्या डब्यातून एक पितळी बटण काढलं,
त्याच्याच जुन्या कोटाचं,
आणि तळघरातल्या घड्याळामागे,
लाकूड आणि भिंत यांच्या फटीत
सैलसं अडकवलं.

सकाळी कॉफी ओतत होते.
खालून सूर आला, छत्तीसचा.
मग शांतता.
मग हाक :
"मार्लिस! ऐकलंस?"

नाही बुवा, मी म्हटलं. कुठं?