अकरावं पाणी

मांगाडाचा मोसम. केप्याच्या शेडमध्ये
मुसरादचा रस तांब्याच्या कायलीत रटरटतो
आणि मागच्या दारी कोयींचा ढीग
गुडघ्याएवढा, कंबरेएवढा, मग छपराला टेकलेला.
आंबूस वास कुशावतीच्या पुलापर्यंत जातो.
पंचायत नोटीस काढते,
आम्ही आणखी एक खड्डा खणतो.

मी मोजलंय. शंभर आंब्यांमागे
सुकलेला गर किलोसुद्धा भरत नाही,
त्यात प्रथिन शंभरात सहा. फार तर सात.
तूरडाळ हसेल मला.
पण ढीग रोज वाढतो,
आणि खड्ड्याला प्रथिन कळत नाही.

शेवती वेळीप कोय उभी धरते,
कोयत्याचं टोक शिवणीत, मनगटाचा एक वळसा,
आत तपकिरी सालीत मुडपून निजलेला गर
कानाच्या पाळीसारखा.
"चाखून बघ," मी पहिल्या दिवशी म्हटलं.
"तूच चाख," ती म्हणाली.
चाखला. जीभ टाळूला चिकटली,
तोंडात कुणी वाळकं फडकं कोंबावं तसं.

झाड काही खुळं नाही.
रस वाटतं येणाऱ्या-जाणाऱ्याला,
बीला मात्र आतून कडी घालतं,
किड्यासाठी, वानरासाठी,
बाटल्या घेऊन आलेल्या माझ्यासाठीही.

पहिल्या पाण्यात लोहक्षाराचा एक थेंब टाकला
तर दौतभर शाई झाली, निळीकाळी;
त्याच शाईने मी अर्ज लिहू शकले असते.
मग दळलेला गर बाटलीत, वर टांगलेली पिवळी पट्टी,
रात्रभर ऊब.
सकाळी पट्टी विटेच्या रंगाची.
विष म्हटलं की लोकांना रहस्यकथा आठवते.
इथे ते चिमटीतही येणार नाही इतकं कमी,
पण पट्टीला कथा सांगता येत नाही,
आणि अंगणवाडीतली पोटं मुठीएवढी असतात.

उमाकांत फळदेसायाने गेल्या वर्षी
न धुतलेलंच पीठ कोंबड्यांना घातलं.
दोन महिने अंडं नाही.
अजून बाजारात दिसला की
माझ्याकडे कोंबडीसारखी मान वाकडी करून बघतो.

म्हणून पाणी.
काप करायचे, भिजत घालायचे, ओतायचं, पुन्हा भरायचं.
चौथ्या पाण्यात राखेची निवळी,
सातव्याला उकळी.
"करांद्यांचंही आम्ही असंच करतो," शेवती म्हणाली,
मी वही उघडली, आता काही जुनं ज्ञान मिळणार म्हणून,
"पण करांद्यांसाठी कुणी मला
रात्री दोनला उठवत नाही.
रात्रीच्या पाण्याचे साठ वेगळे."
मॅनेजर चाळीसवर अडला.
मी वहीत खर्च मांडला: लाकूड, राख, दळण, शेवती,
आणि शेवतीपुढे साठच लिहिले.

नवव्या पाण्यात शाई फिकी,
दहाव्यात राखाडी सावली,
अकराव्यात ग्लासातून पलीकडची खिडकी दिसली,
खिडकीतला फणस, फणसावरचा मुंगळाही.
पट्टी तीन रात्री पिवळी राहिली.
हळदीएवढी पिवळी.

इनास पोदेराने दहात एक भाग पीठ मिसळलं,
उंडे नेहमीपेक्षा किंचित सावळे, बसके.
टोपली पुढे करून म्हणाला,
"बाय, आदीं कोण?"
शेडमध्ये अकरा माणसं होती,
एकदम सगळ्यांना कामं आठवली.
मी अख्खा खाल्ला. कोरा, चहाशिवाय.
रात्री पडल्या पडल्या तास मोजत राहिले,
कागदावरचा आकडा पाठ असून.
पोटात काही झालं नाही,
फक्त भूक लागली पहाटे.

शेवतीने दुसऱ्या दिवशी तुकडा मोडला,
हळू चावला, खिडकीकडे बघत,
गिळला.
"मागाहून तुरट लागतं," म्हणाली.
"पट्टी पिवळी आहे," मी म्हटलं.
"असेल. पोरं थुंकतील."

अंगणवाडीचं पत्र खणात आहे,
तारखेची जागा कोरी.
मी वही उघडली आणि लिहिलं:
बारावं पाणी. रात्री दोनला.
साठ रुपये.