काळी शाई

घोरपडीच्या रुळांपलीकडे, चिंचेखाली
ग्रूबर साहेबांचा दवाखाना होता.
दोन बाकं, एक वजनकाटा,
आणि हेडविग मॅडम, ज्यांना ळ जमत नसे.
"डोले उघडा," म्हणत त्या थेंब सोडायच्या
आणि रांगेतली पोरं खिदळायची.
माझे वडील त्यांचे मुन्शी, महिना सात रुपये.
"जीभ मागे वळवा, मॅडम, टाळूला लावा."
मॅडम वळवायच्या. पुन्हा ल.

लढाई लागली तसा ठाण्यावरून फौजदार आला.
रेडिओ नेला, भिंतीवरचा नकाशा नेला,
सायकलही नेली, पावती देऊन.
साहेबांना नगरला तारेआड ठेवलं.
मॅडमनी दर गुरुवारी चौकीत सही करायची,
शत्रुदेशाची बाई म्हणून.
त्या छत्री घेऊन चालत जायच्या,
येऊन क्विनीनच्या पुड्या बांधायच्या.

भागू शेलारणीचा नवरा मराठा पलटणीत, आफ्रिकेत.
पत्र आलं की कमरेला खोचून ती यायची.
मुन्शी समोर असत, पण नवऱ्याचं पत्र
बाप्याकडून कसं वाचून घ्यायचं?
मॅडम बोट ठेवून वाचायच्या:
इथे वालू फार. पाणी मोजून मिलतं.
मधेच थांबायच्या.
"इथं काली शाई आहे. सरकारची."
आणि पुढची ओळ.

एकदा मी मागून डोकावले.
शाई नव्हती. स्वच्छ निळ्या अक्षरांत होतं:
परवा जर्मनांची गाडी उडवली. आत कोवळी पोरं.
खणात, कापसाच्या गुंडाळीखाली
योहानेसचा फोटो असे. एकोणीस वर्षांचा. टोपी जरा मोठीच.

मग मॅडमनाही नेलं, ट्रकमधून,
दिवे घाट चढून पुरंदरावर.
चावी वडिलांकडे राहिली.
क्विनीन संपेपर्यंत ते दवाखाना उघडत,
संपल्यावरही उघडत.

सत्तेचाळीसच्या दिवाळीनंतर पाकीट आलं.
भागू पिठाच्या हातानं धावत आली.
तिचा नवरा परतला होता, एका कानानं बहिरा.
"वाचा, मुन्शी." या वेळी लाजली नाही.
घराला अर्धंच छप्पर आहे.
साहेब अंगणात बटाटे लावतात.
पुण्याच्या चिंचेची आठवण येते.
सगळे ळ जागच्या जागी;
कागदावर ते त्यांना कधीच अडले नव्हते.

वडील थांबले.
चष्मा काढला, पुन्हा लावला.
"काळी शाई?" भागूनं विचारलं.
"हो."

ती बसून राहिली.
दुपारची मालगाडी गेली, बाकं हादरली.
मग पदराला हात पुसत म्हणाली,
"काय नाव होतं हो त्यांच्या पोराचं?"