एक ओळ कमी

कै. हा खिळा
मानमोडीच्या साली आमच्या छापखान्यात झिजून गेला.
महालातून, इतवारीच्या बोळांतून,
नाग नदीच्या पलीकडूनसुद्धा चिठ्ठ्या यायच्या
आणि मी, सोमाजी हेडाऊ, कंपोझिटर,
नावापुढे नाव, नावाआधी कै.
शेवटी त्याची एक मात्रा उडाली. छापलं की के. उमटायचं.
मालक म्हणाले, चालवून घे,
मेलेला काही तक्रार घेऊन येत नाही.

पुढच्या वर्षी डिसेंबर सरता सरता,
बाजारात संत्र्यांचे ढीग कमरेएवढे,
तेव्हा सिव्हिल लाइन्सकडून यादी आली
नव्या सालच्या मानकऱ्यांची.
दोन रावबहादूर, एक खानबहादूर, रावसाहेब चार
(त्यांतले एक आमचे मालक,
सकाळपासून त्यांनी तीनदा पगडी बदलली होती)
आणि सगळ्यांत खाली
कैसर-ए-हिंद, काशाचं पदक:
दाई भागरथी निमजे, कोष्टीपुरा.

मी तोच खिळा उचलला.
दुसरा कै होता कुठे?

लाटसाहेबाचं नाव विचारलं असतं
तर बुर्डीवरचा माणूस डोकं खाजवत बसला असता.
भागरथीबाईचं दार
टांग्याचं घोडंही दाखवत होतं.

संध्याकाळी हात न धुता तसाच गेलो.
कंदिलाजवळ बसून ती नखं काढत होती,
रोजच्यासारखी, मांसाला भिडेपर्यंत.
म्हटलं, पेपरात येऊन राहिलं मावशी तुमचं नाव.
पदक देऊन राहिले.

वर न पाहता म्हणाली,
"तू पायाळू. उलटा आलता.
म्हणूनच उलटी अक्षरं वाचता येते तुले.
मंग हे बी उलटं वाच न बाबू.
एकतीस घरी मी पोचलीच नाही त्या साली.
गिरणीच्या चाळीत दोघी जणी एका खोलीत,
फाटकावरच्या शिपायानं मले आत सोडलं नाही,
सायबाचा हुकूम म्हणे, रोग पसरते.
थे मोजलं का कोणी?
अन् बिल्ला लावून
कोणाच्या पोटाले हात लावू?
गार लागते कासं."

मग म्हणाली, लिही.
मी लिहिलं. दीड ओळ झाली.
मायबाप, विनंती, कृपा, यांतलं काहीच तिनं सांगितलं नाही,
मीही घातलं नाही.
अंगठ्यासाठी शाई शोधावी लागली नाही.
तिनं माझा तळवा धरला, त्यावर अंगठा दाबला
आणि कागदावर उठवला.

तिसऱ्या दिवशी हुकूम आला: शेवटची ओळ गाळावी.
मी विचारलं, कारण काय छापू?
मालकांनी नवी पगडी सावरली.
"गाळली म्हणजे गाळली."

खालचीच ओळ, त्यामुळे वरचं काही हललं नाही.
चिमट्यानं एकेक खिळा काढला,
तिथे कोऱ्या शिशाची पट्टी ठोकली.
चौकटीत तळाशी बोटभर जागा राहिली.
रावसाहेबांनी तो अंक दिवसभर उलटसुलट पाहिला.
तिथे त्यांची नजर गेली नाही.

खिळे परत घरात टाकले.
भा दुसऱ्या दिवशी भाजीच्या भावात गेला,
नि एका निविदेत.

रावसाहेब वारले तोवर
मुंबईहून नवा कै आला होता,
ठळक, दोन्ही मात्रा शाबूत. तोच लावला.

भागरथीबाई गेली पोळ्याच्या आदल्या रात्री.
मी नाव जुळवलं, गल्ली जुळवली, वार जुळवला,
आणि कै. लावलं नाही.
मालकांचा मुलगा ओरडला, चूक आहे ही.
असेल.

त्यानंतर कितीतरी रात्री
कोष्टीपुऱ्यात त्या बंद दारावर
कुणी ना कुणी थापा मारत होतं,
मावशी, उठा, कळा सुरू झाल्या.